उत्तराच्या मागचा विचार

सकाळी 9:30
काली सिंध नदीचा उगम ज्या तालुक्यात होतो, त्या मध्य प्रदेशातल्या बागलीत सध्या सोयाबीनच्या पेरणीची लगबग आहे. नववीची विज्ञानाची चाचणी मी त्यावरच बेतली आहे.

10:30
फळ्यावर प्रश्न लिहिला: घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, 72 उगवले. दुकानातल्या बियाण्याचे 20 ठेवले, 16 उगवले. कोणतं बियाणं चांगलं? कशावरून? आणखी काय विचाराल?

पुस्तक उघडायला मुभा आहे. ही रीत इथल्या मातीतलीच. 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देत, प्रयोगाचीही परीक्षा होई. पुढे 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला, पण ती परीक्षा मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. घोकंपट्टीला तिथे थाराच नाही.

दुपारी 12
पेपर तपासायला घेतले. काहींनी नुसतं 72 आणि 16 पाहून घरच्या बियाण्याला कौल दिला. बऱ्याच जणांनी टक्के काढले: 72 आणि 80, म्हणजे दुकानातलं सरस. एका मुलीने पुढे लिहिलंय, ‘वीसच दाणे आहेत. त्यातले दोन कमी उगवले असते तर 70 टक्केच झाले असते. दोन्ही गोणपाटं सारखीच ओली होती का?’ निष्कर्ष, पुरावा आणि शंका यांना मी वेगवेगळे गुण देते. तिला तिन्हींत पूर्ण.

2:00
तोंडी. ‘दुकानातलं’ एवढंच लिहिणाऱ्या मुलाला जवळ बोलावलं.
“घरी काय करता रे?”
“मॅडम, उगवण कमी निघाली तर बाबा बियाणं थोडं जास्त पेरतात. 72 असेल तर विकत कशाला आणायचं?”
सोयाबीनला प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 70 टक्के लागते. त्याने आकड्याची खर्चाशी सांगड घातली, कागदावर मात्र यातलं काहीच उतरलं नव्हतं. म्हणून तोंडीशिवाय मी गुण पक्के करत नाही.

4:00
नोंदवहीत प्रत्येकापुढे गुणांसोबत एक ओळ लिहिली: विचार कुठवर पोहोचला, कुठे अडला. उद्या दोन्ही बियाण्यांचे शंभर-शंभर दाणे वर्गातच ठेवू. आपला निष्कर्ष बदलावा लागला तर तो का बदलला, हे जे मूल नीट सांगेल, त्याला त्याचेही गुण मिळतील.