शेपटीची कामं कोण करणार?

भाताची कापणी-मळणी उरकली की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जमीन मोकळी होते. पश्चिमेला माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर, पूर्वेला राजमाची-ढाककडची सह्याद्रीची भिंत, मधे उल्हास आणि पाताळगंगेची खोरी. मुंबई-पुण्याच्या मधोमध मॉडेल विमान उडवायला जागा शोधणाऱ्याची नजर नकाशावर इथे अडकतेच. फोमचं, बॅटरीवर चालणारं विमान असेल तर फार विचार करावा लागत नाही. हातानं फेकायचं, रिकाम्या खाचरात पोटावर उतरवायचं, माती झटकायची आणि पुन्हा फेकायचं.

पण डिकीत दोन मीटर पंखांचं, बाणाच्या फाळासारखं, शेपटीच नसलेलं आणि पोटात खरं जेट इंजिन असलेलं मॉडेल असेल, तर विचार मुळापासून करावा लागतो. एक्स-४७बी, युरोपचं न्यूरॉन किंवा आपलं नियोजित 'घातक' अशा मानवरहित विमानांच्या धर्तीवर बांधलेली ही मॉडेलं छंदातल्या अवघड प्रकारांत मोडतात. देखणी दिसतात ती शेपटी नसल्यामुळे, आणि अवघड असतात तीही त्याचमुळे.

काढली, पण कामं उरली

नेहमीच्या विमानात आडवी शेपटी नाक वर-खाली होऊ देत नाही आणि उभी शेपटी नाक डावी-उजवीकडे भरकटू देत नाही. लढाऊ मानवरहित विमानातून ती काढतात, कारण उभे पृष्ठभाग रडारच्या लहरी परत पाठवतात. शिवाय शेपटीचं वजन असतं आणि हवेचा अडथळाही. शेपटी गेली तरी तिची कामं जात नाहीत. ती कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. बिनशेपटीचं मॉडेल बांधणं म्हणजे मुख्यतः ही वाटणी नीट करणं.

पहिला वाटा पंखाच्या आकाराला. साध्या पंखाची प्रवृत्ती नाक खाली दाबण्याची. ती मोडायला पंखाचा मागचा काठ किंचित वर वळवतात. पंख मागे झुकवून त्याची टोकं थोडी पिळतात, म्हणजे टोकांचा हवेशी कोन मुळापेक्षा कमी राहतो. झुकाव असल्यामुळे ही टोकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या बरीच मागे येतात आणि न दिसणाऱ्या शेपटीचं काम करतात. सह्याद्रीच्या रानात टेटूची लांब चपटी शेंग उकलली की कागदासारख्या पातळ पडद्याचं बी तरंगत झाडापासून दूर जातं. त्यालाही शेपटी नाही. वजन नेमक्या जागी आणि भोवती पंख, एवढ्यावर ते भागवतं.

माणसाला हे गणितानं मांडायला वेळ लागला. पंखावरचा भार टोकांकडे हळूहळू शून्यावर कसा आणावा, याचं एक महत्त्वाचं उत्तर जर्मनीत गटिंगनच्या लुडविग प्रांट्ल यांनी १९३३ साली दिलं. हॉर्टन बंधूंनी बिनशेपटीच्या ग्लायडरांत त्याचा उपयोग केला. त्याच दशकात प्रांट्ल यांच्या हाताखाली कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे डॉक्टरेट करत होते. पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झालं आणि १९५१ साली उडालं. त्याला अर्थात चांगली ठसठशीत शेपटी होती. शिकाऊ वैमानिकाच्या हाती द्यायच्या विमानात ती हवीच.

आकारानं सगळं भागत नाही, हे अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीला महागात कळलं. १९४७ साली उडालेलं त्यांचं वायबी-४९ हे अख्खं विमान म्हणजे एक पंख होता. ते उडायचं, पण नाक डावी-उजवीकडे डुलत राहायचं, आणि त्यातून बॉम्बचा नेम साधणं कठीण जायचं. ५ जून १९४८ रोजी त्यातलं एक विमान हवेत मोडून पडलं. त्यात कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांच्यासह सगळे गेले. कॅलिफोर्नियातल्या त्या तळाला आज त्यांचंच नाव आहे. त्याच कंपनीचं बी-२ हे १७ जुलै १९८९ रोजी उडालं. त्याच्या पंखांचा विस्तार वायबी-४९ इतकाच, १७२ फूट. मधल्या चाळीस वर्षांत आला तो संगणक. शेपटीचं उरलेलं काम त्यानं उचललं.

मॉडेलमध्ये तेच काम आगपेटीएवढा जायरो करतो. विमान कोणत्या बाजूला ढळतंय ते ओळखून तो उडवणाऱ्याच्या आधी दुरुस्ती करतो. ड्रोनमुळे असे जायरो स्वस्त झाले आणि लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत असलं इलेक्ट्रॉनिक सामान शोधणं रुळलं. तोवर बिनशेपटीचं जेट हा फार थोड्यांचा प्रांत होता.

दीड सेंटीमीटरची जागा

बांधणीचं सामान ओळखीचं आहे. तापलेल्या तारेनं कापलेला फोमचा गाभा, त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचकापड, इंजिनाच्या जागी प्लायवूडच्या चौकटी, पंखांच्या आत कार्बनची नळी. मागच्या काठावरच्या हलत्या पट्ट्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही एकदम वर गेल्या की नाक वर, एक वर आणि दुसरी खाली गेली की कूस बदलते. एकाच पट्टीवर दोन कामं आल्यामुळे ती हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, दणकट लागतो. तो पट्टीला जोडणाऱ्या सांध्यात जरासुद्धा ढिलाई चालत नाही, कारण वेगात ढिली पट्टी फडफडू लागते आणि क्षणात पंख सोलून निघतो.

खरा कस लागतो तोल जुळवताना. समजा पंखाची सरासरी रुंदी ५० सेंटीमीटर आहे. अशा पंखाचा तटस्थ बिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेला की विमानाचं स्थैर्य संपतं तो बिंदू, त्या सरासरी रुंदीच्या साधारण पाव भागावर, म्हणजे पुढच्या काठापासून साडेबारा सेंटीमीटरवर येतो. विमानाचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे हवा, पण फार पुढे नको. रुंदीच्या पाच ते आठ टक्के, म्हणजे अडीच ते चार सेंटीमीटर. हातात उरली दीड सेंटीमीटरची जागा. गुरुत्वमध्य तिच्या मागे गेला तर विमान हाताबाहेर जातं. पुढे गेला तर नाक उचलायला एलेव्हॉन इतके वर ठेवावे लागतात की पंखाची उचलच घटते. शेपटीच्या विमानात ही जागा कितीतरी ऐसपैस असते.

आता त्यात इंधन भरा. विमान रिकामं १० किलो, टाकीत ३ लिटर केरोसीन, म्हणजे सुमारे २.४ किलो. टाकी गुरुत्वमध्याच्या १० सेंटीमीटर पुढे बसवली, तर टाकी भरलेली असतानाचा आणि रिकामी झाल्यावरचा गुरुत्वमध्य यांत जवळजवळ १.९ सेंटीमीटरचा फरक पडतो. आपली जागा दीडची. उडताना चोख वागलेलं विमान उतरताना दगा देतं ते इथे. म्हणून टाकी नेमकी गुरुत्वमध्यावर येते, किंवा दोन टाक्या त्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवतात. टाकीची जागा ठरल्यावरच इंजिन, बॅटरी आणि चाकं कुठे बसवायची ते ठरतं.

केरोसीनवरचं वादळ

छंदातलं जेट इंजिन ही गेल्या तीन-चार दशकांतली गोष्ट. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत बनवता येईल असं छोटं टर्बाइन करून दाखवलं. त्यानंतरच्या केजे-६६ या आराखड्यात मोटारीच्या टर्बोचार्जरचं ६६ मिलिमीटर व्यासाचं चाक वापरलं होतं. ते मिनिटाला सुमारे १,१५,००० फेरे घेतं. हिशेब केला तर चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे आवाजाच्या वेगाहून जास्त. आता तयार इंजिनं मिळतात. किलोभर वजनाचं इंजिन दहा किलोचा रेटा देतं.

सुरू करण्याचा क्रम ठरलेला असतो. छोटी मोटर चाक फिरवते, तापणारा ग्लो प्लग लाल होतो, इंधनाचे पहिले थेंब पेटतात, शिट्टीसारखा आवाज चढत जातो आणि तीसेक हजार फेऱ्यांवर इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागतं. इंधनात चारपाच टक्के तेल मिसळलेलं असतं, तेच बेअरिंगांना वंगण पुरवतं. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक घेऊन एक माणूस उभा हवाच. या इंजिनाला घाई कळत नाही. मंद गतीवरून पूर्ण रेट्यावर यायला काही सेकंद जातात. उतरताना 'थोडं कमी पडतंय' असं वाटून दांडा पुढे ढकलला, तर उत्तर मिळेपर्यंत विमान बांधावर असतं.

हे सगळं हौशेपुरतंच राहिलेलं नाही. नासा आणि बोइंग यांच्या एक्स-४८बी या संशोधन विमानात अशीच जेटकॅट कंपनीची तीन इंजिनं होती. २००७ साली उडालेलं ते विमान मूळ कल्पनेच्या साडेआठ टक्के आकाराचं होतं. त्याच्या आधी, १९९७ साली, बिनशेपटीच्या लढाऊ विमानाचं २८ टक्के आकाराचं एक्स-३६ एकतीस वेळा उडवून तपासलं गेलं. मोठं विमान बांधण्याआधी छोट्याला उडवून विचारावं, ही रीत तिथेही आहे.

जमीन काय म्हणते

आता पुन्हा कर्जत-खालापूर. जेटला चाकांवर धावायला सपाट, कठीण पट्टी लागते. खाचरं सपाट असतात, पण दर थोड्या अंतरावर बांध आडवा येतो. गवताळ माळावर दुसरा धोका. मार्गशीर्षापासून गवत वाळू लागतं आणि इंजिनाच्या मागून येणारा झोत शेकडो अंश तापलेला असतो. डोंगरउतारावर वणवा पेटायला तेवढं पुरे. म्हणून टर्बाइनसाठी खाजगी, मालकाच्या परवानगीची, डांबरी किंवा काँक्रीटची पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना साफ केलेली जमीन हवी. ती नसेल तर त्याच सांगाड्यात विजेवरचा डक्टेड फॅन बसवणं शहाणपणाचं. आवाज आणि वास तेवढा नसेल, पण शेपटीचा धडा तोच मिळतो.

वेळ सकाळची. हिवाळ्यात ऊन चढेपर्यंत दरीतली हवा शांत असते. पुढे जमीन तापते, घारी घिरट्या घालू लागतात, आणि दुपारकडे खाडीवरून येणारा वारा डोंगरांना अडून गोते खाऊ लागतो. रुंद पंखाचं हलकं मॉडेल त्यात झुलतं, आणि सावरायला मागे शेपटी नसते.

कायद्याचा हिशेब २०२१च्या ड्रोन नियमांत आहे. छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी उडवलेलं, २५ किलोपर्यंतचं आणि डोळ्यांच्या टप्प्यात ठेवलेलं विमान 'मॉडेल' या वर्गात येतं आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात उंचीची मर्यादा ४०० फूट. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून या भागातल्या उडवणाऱ्यानं 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा हा नकाशा दरवेळी नव्यानं पाहावा हे बरं.

डोळ्यांच्या टप्प्याचा मुद्दा या विमानाला जास्त लागू पडतो. ताशी २०० किलोमीटरनं ते दहा सेकंदांत अर्धा किलोमीटर पार करतं. राखाडी, चपटा आकार कडेनं पाहिला तर आकाशात नुसती एक रेघ दिसते. येतंय की जातंय, पोट दिसतंय की पाठ, हे शेपटीवरून ओळखायची सवय डोळ्यांना असते. म्हणून मूळ विमानाच्या रंगाचा मोह सोडून जाणकार पोटावर केशरी-काळे जाड पट्टे ओढतात. शेपटीचं हेही एक काम होतं, आणि ते रंगाला द्यावं लागतं.

पायरीपायरीनं

उडवण्याआधीची एक तपासणी कधीच टाळू नये. विमान हातात धरून नाक झटकन खाली करायचं. जायरो बरोबर लावला असेल तर दोन्ही एलेव्हॉन वर उचलले जातात. खाली गेले तर जायरो उलटा आहे, आणि तो उलटा असताना विमान सोडलं तर मदतनीसच ते जमिनीत घालेल. मग उजवा पंख खाली करून तेच पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्या उड्डाणांसाठी पंखांच्या टोकांना काढता-घालता येतील अशा उभ्या पट्ट्या लावाव्यात. विमानाचा स्वभाव कळला की त्या लहान कराव्यात, आणि मग काढाव्यात. यात कमीपणा नाही. डीआरडीओच्या बंगळूरच्या एडीई संस्थेनं बनवलेलं उडत्या पंखाचं मानवरहित विमान चित्रदुर्गच्या चाचणीतळावरून १ जुलै २०२२ रोजी पहिल्यांदा उडालं. त्यानंतर दोन नमुने वापरून वेगवेगळ्या रूपांत सहा चाचण्या झाल्या. १५ डिसेंबर २०२३ रोजी अखेरच्या, बिनशेपटीच्या रूपातलं उड्डाण जाहीर झालं. प्रयोगशाळा, संगणक आणि लांबलचक धावपट्टी पाठीशी असलेल्यांनी दीड वर्ष घेतलं. रविवारच्या सकाळी कर्जतला गाडी उभी करणाऱ्यानं एक हंगाम पट्ट्या लावून उडवलं, तर त्याचं काहीच जात नाही. उलट पुढच्या हंगामात उडवायला विमान शिल्लक राहतं.