इंजिनासाठी हवा कुठून घ्यायची?

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी. तिचं एक टोक गाडीच्या पुढच्या जाळीच्या मधोमध चिकटवलं, मधला भाग इंग्रजी यू सारखा पुठ्ठ्यावर बांधून त्यात रंगीत पाणी भरलं आणि दुसरं टोक काचा बंद केलेल्या गाडीत मोकळं सोडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री गाडी चालवत होते, पट्टी माझ्या हातात. ताशी 80 किलोमीटरला दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम तीन सेंटिमीटरचा फरक पडला. गणितही तेवढंच सांगतं.

टोक बॉनेटच्या पुढच्या कडेवर नेलं, तर पाणी उलटं सरकलं. वारा तिथे वर उसळून वळतो. दाब राहतो बाजूला, उलट हवा बाहेर ओढली जाते. हौसेने कापलेली बॉनेटची भोकं बऱ्याचदा नेमकी इथेच असतात! वायपरपाशी, पुढच्या काचेच्या पायथ्याला, पाणी पुन्हा दाबाच्या बाजूला आलं. शेवरोलेच्या 1969च्या कॅमॅरोत याच जागेवरून हवा घेणारं बॉनेट मिळायचं.

पण तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 0.3 टक्के. एवढ्याने इंजिनाचं काय भलं होणार? मिस्त्रींनी नळी गुंडाळली आणि थर्मामीटर काढला. "साहेब, जोर सोडा, हवा गार किती येते ते बघा."

बाहेर 30 अंश, रेडिएटरच्या मागे 65. तापलेली हवा विरळ होते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिनाला दहा टक्के ऑक्सिजन कमी पडतो. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन फिल्टर आवाज दमदार काढतो, पण ओढतो हीच हवा. मला तो खर्च वाया वाटतो.

गार हवा बंपरखालीही मिळते. पण 2019च्या पुरात इथे शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. इंजिनाने पाणी ओढलं की संपलं: पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आम्ही हवा घेणारं तोंड वर, हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या पुढे घेतलं आणि फिल्टरभोवती पत्र्याचा आडोसा केला. महामार्गावर थर्मामीटरचा आकडा बाहेरच्या हवेच्या जवळ आला. सिग्नलला थांबलो की तो चढतो, पत्राही तापतो. आता त्याला आतून उष्णतारोधक पट्टी लावायची आहे.