अर्ध्या तासाच्या वाटेला तास का लागतो?

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड ते हैदराबाद ही विमानसेवा सुरू झाली. तिच्यासाठी वापरलेले एटीआर-७२ हे पंख्याचे विमान उंचावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. मग या प्रवासाला किती वेळ लागावा? चला, गणित करून पाहू.

प्रथम अंतर काढू. नांदेडचा विमानतळ १९.१८ अंश उत्तर अक्षांशावर व ७७.३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. हैदराबादचा विमानतळ १७.२४ व ७८.४३ अंशांवर. अक्षांशांतील फरक १.९४ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा दक्षिणेकडचे अंतर २१५ किलोमीटर झाले. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात. त्यामुळे या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.५ किलोमीटरच भरतो. फरक १.११ अंशांचा, म्हणून पूर्वेकडचे अंतर ११७ किलोमीटर. एवढ्या लहान टापूत पृथ्वी सपाट मानली तरी चालते. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा. कर्ण येतो सुमारे २४५ किलोमीटर!

२४५ ला ५०० ने भागले की वेळ येते साडेएकोणतीस मिनिटे. पण वेळापत्रकात अशा अंतरासाठी सुमारे तासाभराचा वेळ धरतात. उरलेला अर्धा तास जातो कोठे?

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत मोजतात. विमान आधी सावकाश धावपट्टीच्या टोकाशी जाते. उड्डाण शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करतात. त्यामुळे कधीकधी उलट दिशेला उडून मग वळावे लागते. वर चढताना वेग कमी असतो. उतरतानाही वेग कमी करीत, वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. म्हणजे पूर्ण वेग मिळतो तो फक्त मधल्या तुकड्यात.

वाऱ्याचाही परिणाम होतो. समजा, ताशी १०० किलोमीटरचा वारा जाताना पाठीमागून व येताना समोरून आहे. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग जाताना ६०० व येताना ४०० होईल. जाण्यास साडेचोवीस मिनिटे, येण्यास पावणेसदतीस मिनिटे, एकूण सव्वाएकसष्ट. वारा नसता तर जाऊन-येऊन ५९ मिनिटेच लागली असती. वाऱ्याने दिले तेवढेच परत का घेतले नाही? कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा नफ्याहून मोठा ठरतो.

आता एक प्रश्न. याच मार्गावर ताशी ८०० किलोमीटर वेगाचे जेट विमान आणले तर? गणिताने साडेअठरा मिनिटे, म्हणजे वाचली अवघी अकरा. प्रत्यक्षात तेवढीही वाचणार नाहीत. कारण पुरते उंच चढून वेग घेतो न घेतो तोच उतरण्याची वेळ होईल. जमिनीवरचा वेळ तर तेवढाच राहील. उलट कमी अंतरावर पंख्याच्या विमानाला इंधन कमी लागते. जवळजवळच्या लहान विमानतळांदरम्यान अशी विमाने का दिसतात, हे आता लक्षात आले ना?

नकाशासंग्रह उघडा आणि तुमच्या जवळच्या दोन विमानतळांतील अंतर काढा. उड्डाणाची वेळ काढून ती वेळापत्रकाशी ताडून पाहा. फरक किती येतो?