इन्शुलिनचा पंप : सोय आणि जाच



मधुमेहाच्या कांहीं रोग्यांना दिवसांतून चार-पांच वेळां स्वतःच्या हातानें सुई टोंचून घ्यावी लागते, ही गोष्ट बहुतेक घरांना ऐकून तरी ठाऊक असते. तिच्याऐवजी कमरेला लावावयाचें एक लहानसें यंत्र निघालें आहे, हेंही पुष्कळांच्या कानांवर असेल. तें यंत्र, म्हणजे इन्शुलिनचा पंप, कोणाच्या अंगावर दिसला कीं लोक सहज म्हणतात, “आतां काय, यंत्र सगळें पाहून घेतें!” आज मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, यंत्र सगळें पाहून घेत नाहीं. तें काय करतें, काय करूं शकत नाहीं, आणि उरलेलें काम कोणाच्या माथीं पडतें, हें घरांतील इतर माणसांनीं समजून घेतलें, तर रोग्याचा बराचसा जाच हलका होईल. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत गणित शिकविलेला मास्तर आहें. परंतु माझी चौदा वर्षांची नात गेलीं तीन वर्षें हा पंप वापरीत आहे, आणि तिच्याबरोबर त्याचें गणित आम्हां सर्वांनाच शिकावें लागलें आहे.

प्रथम रोगाविषयीं दोन शब्द. मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. प्रौढपणीं सर्वत्र आढळणारा तो दुसरा प्रकार. त्यांत शरीर थोडेंबहुत इन्शुलिन तयार करीत असतें. पहिला प्रकार बहुधा लहानपणीं किंवा तरुणपणीं उघडकीस येतो. त्यांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि तेथील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्यानें हा रोग होत नाहीं, आणि गोड सोडल्यानें जातही नाहीं. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं इन्शुलिन हातीं आणलें. जानेवारी १९२२ मध्यें तेथील लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं असें मूल फार काळ जगत नसे. म्हणून या रोग्यांना इन्शुलिन हें औषधापेक्षां अन्नपाण्याच्या जागीं आहे असें समजावें.

आतां पंपाविषयीं. १९७८ सालीं लंडन येथील डॉक्टरांनीं त्वचेखालीं यंत्रानें अखंड इन्शुलिन सोडण्याची पद्धति प्रसिद्ध केली. आजचे पंप त्याच विचाराचे वंशज आहेत. यंत्रांत इन्शुलिनची एक लहान कुपी असते. तिच्यापासून एक बारीक नळी निघते, आणि नळीच्या टोंकाशीं असलेली मऊ, आंखूड नलिका पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालीं बसवितात. कांहीं नव्या पंपांत लांब नळी नसते. तें यंत्रच अंगाला चिकटवितात. पंप दोन कामें करतो. दिवसरात्र थोडें थोडें इन्शुलिन सोडीत राहणें हें पहिलें, आणि जेवणाच्या वेळीं सांगितलेला हप्ता देणें हें दुसरें. पंपांतील नेहमींच्या इन्शुलिनच्या एका मिलिलिटरमध्यें १०० युनिटें असतात. तेव्हां तासाला अर्धें युनिट द्यावयाचें म्हणजे मिलिलिटरचा २०० वा भाग साठ मिनिटांत वांटून द्यावयाचा. इतका नेमका हात माणसाचा नाहीं. यंत्राची थोरवी येथें आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे.

परंतु तासाला किती, आणि जेवणाला किती, हें मुळांत माणसानें ठरवावयाचें असतें. २०१६ सालीं अमेरिकेंत असा पंप मान्य झाला कीं, जो कातडीखालील सेन्सरचा आंकडा पाहून तासाचें प्रमाण आपोआप कमीजास्त करतो. तरीही जेवणाचा हिशेब त्याला सांगावाच लागतो. आणि येथें एक अडचण अशी आहे कीं, जिला यंत्र वा माणूस कोणीच जबाबदार नाहीं. निरोगी शरीरांतील इन्शुलिन स्वादुपिंडांतून सरळ यकृताकडे जातें आणि कांहीं मिनिटांत आपलें काम उरकून नाहींसें होतें. पंपाचें इन्शुलिन कातडीखालच्या चरबींत पडतें. तेथून तें रक्तांत झिरपूं लागण्यास दहा-पंधरा मिनिटें जातात, त्याचा जोर एक-दीड तासानें होतो, आणि अंमल तीन-चार तास टिकतो. एकदां दिलेलें परत घेतां येत नाहीं. थोडक्यांत, रोग्याला आतांच्या साखरेचा नव्हे, तर आणखी दोन तासांनीं होणाऱ्या साखरेचा निर्णय आतां घ्यावा लागतो.

पंगतीचेंच उदाहरण घ्या. मुलीनें पानांत काय येणार याचा अदमास बांधून जेवणापूर्वीं पंधरा मिनिटें इन्शुलिन घेतलें. पानें मांडलीं, पण वराकडील कोणी थोर गृहस्थ यावयाचे आहेत म्हणून वाढणें थांबलें. यजमान थांबतात, इन्शुलिन थांबत नाहीं. अर्ध्या तासानें मुलीला घाम सुटतो, हात कांपूं लागतात, आणि चारचौघांच्या देखत तिला पिशवींतील ग्लुकोज काढून खावें लागतें. मग कोणी तरी म्हणतेंच, “मधुमेह आणि वर साखर खाते!” रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे हीच साखर तिचें औषध असते. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावें आणि १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें, असा शिरस्ता आहे.

पदार्थांचेंही तसेंच. मऊ भात लौकर साखर वाढवितो. पुरणपोळींत पीठ, डाळ आणि गूळ हे तिन्ही आहेत, आणि वर तुपाची धार. तूप पोट रिकामें होण्यास वेळ लावतें, म्हणून साखर उशिरां आणि लांबवर चढत राहते. यासाठीं हप्ता विभागून देण्याची सोय पुष्कळ पंपांत असते, परंतु किती आतां आणि किती मागाहून, हा अंदाज पुन्हां माणसाचाच.

दुसरा जाच नलिकेचा. ती दर दोन-तीन दिवसांनीं बदलावी लागते. नळींत हवेचा बुडबुडा राहिला, तर हवेनें अपाय होत नाहीं, पण तेवढें इन्शुलिन बुडतें. कधीं कधीं नलिका आंतल्या आंत दुमडते, आणि यंत्राला तें उशिरां कळतें किंवा कळतही नाहीं. गेल्या पाडव्याला आमच्याकडे हेंच झालें. सकाळीं आंकडा ११०. न्याहारीचें इन्शुलिन नीट घेतलेलें. तीन तासांनीं आंकडा ३०० च्या पुढें. पंपाच्या पडद्यावर सर्व सुरळीत होतें. नलिका काढून पाहिली तेव्हां ती मोडलेल्या गवताच्या काडीसारखी वांकलेली. यांत धोका असा कीं, पंपांत फक्त जलद इन्शुलिन असतें. दीर्घकाळ टिकणाऱ्याचा सांठा शरीरांत नसतो. पुरवठा तुटला कीं कांहीं तासांतच रक्तांत कीटोनें सांचूं लागतात, आणि तें दुर्लक्षिलें तर प्राणावर बेततें. म्हणून कारण न कळतां साखर चढली, तर डॉक्टरांनीं शिकविल्याप्रमाणें कीटोनें तपासून, सुईनें किंवा पेननें इन्शुलिन देऊन, नलिका ताबडतोब बदलावी लागते. सणाचें ताट त्या दिवशीं दोन तास झांकून ठेवावें लागलें.

तिसरा जाच रात्रीचा. सेन्सर साखर रक्तांत मोजीत नाहीं. पेशींभोंवतालच्या द्रवांत मोजतो, आणि तो आंकडा रक्ताच्या कांहीं मिनिटें मागें असतो. मूल त्याच कुशीवर झोंपलें तर सेन्सरवर दाब पडून आंकडा खोटाच खालीं येतो आणि इशारा वाजूं लागतो. दोन वाजतां उठून बोट टोंचून पाहावें, तर साखर १२०. बरें, इशारा बंदच ठेवावा म्हटलें, तर खरा असेल तो दिवस कोणता, हें कोण सांगणार? बॅटरी उतरली, कुपी संपत आली, मार्ग तुंबला, या प्रत्येकाची हांक निराळी. सहामाही परीक्षेच्या वेळीं एका पर्यवेक्षकांना त्या आवाजावरून हा मोबाइल फोन वाटला, आणि पेपर बाजूला सारून मुलीला यंत्राची माहिती सांगत बसावें लागलें.

याशिवाय चिकटपट्टीखालीं कातडी खाजते. उन्हाळ्यांत अंगाजवळची कुपी तापून इन्शुलिनचा गुण उतरतो. पंपाची किंमत लाखांत जाते, आणि नलिका, कुप्या, सेन्सर यांचा खर्च दर महिन्याला चालूच. ज्या घरांना हें झेपत नाहीं, तीं सुईवरही उत्तम रीतीनें चालतात. त्यांनीं खंत करूं नये.

मग हा खटाटोप कशासाठीं? सुईच्या दृष्टीनें पाहिलें, तर तीन दिवसांच्या बारा-पंधरा टोंचण्यांच्या जागीं नलिकेची एकच येते. त्याहून महत्त्वाचें असें कीं, साखर जितकी योग्य मर्यादेंत राहील तितके डोळे, मूत्रपिंडें आणि मज्जातंतू सुरक्षित राहतात. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील मोठ्या पाहणीनें हें निर्विवाद दाखविलें. पंप हें त्यासाठीं मिळालेलें चांगलें हत्यार आहे. पण हत्यार चालविणाऱ्याला सुट्टी नसते, हें विसरतां कामा नये.

आणि म्हणून घरांतील माणसांना माझें मुख्य सांगणें असें. आंकडा म्हणजे परीक्षेंतील गुण नव्हेत. कालचेंच अन्न, कालचेंच इन्शुलिन, तरी आजचा आंकडा वेगळा येतो. कारण मध्यें ताप, धांवणें, अपुरी झोंप, पहाटे शरीरांत सुटणारे रस आणि वाढत्या वयांतील फेरफार आपापला हात लावून गेलेले असतात. अशा वेळीं “काय खाल्लेंस?” हा प्रश्न मुलाला आरोपासारखा लागतो. तो वारंवार झाला कीं मूल आंकडा लपवूं लागतें, आणि लपविलेला आंकडा हा चढलेल्या आंकड्यापेक्षां अधिक घातक आहे. तीस मुलांच्या वर्गांत मीं हेंच पाहिलें आहे : ज्याला उत्तर चुकल्याबद्दल रागें भरतात, तो पुढें पाटीच दाखवीत नाहीं.

त्यापेक्षां कामाची वांटणी करावी. ग्लुकोज, जादा नलिका, बॅटरी आणि इन्शुलिनचें पेन कोठें ठेवलें आहे, तें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावें. वाढण्यास उशीर होणार असेल, तर तें आधीं सांगावें. आणि आठवड्यांतून एक-दोन रात्रीं इशाऱ्याला उठण्याचें काम आईऐवजी दुसऱ्या कोणीं तरी, शिकून घेऊन, अंगावर घ्यावें. आमच्या घरीं शनिवारची रात्र माझ्याकडे आहे.