सेनासाहेबसुभ्याची फौज आणि अंबागडचा मुलूख

नाकाडोंगरीच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि पलीकडे मध्य प्रदेश. तुमसर तालुक्याचा हा टोकाचा भाग आज जंगलासाठी आणि चिखला, डोंगरी बुजरुकच्या मॅंगनीज खाणींसाठी ओळखला जातो. पण या मुलखात कोण येऊन वसलं, कोणाच्या नावे शिवार लागलं, यात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा हात मोठा आहे.

नागपूरच्या राजाचा किताबच मुळी लष्करी होता. छत्रपती शाहूंनी पहिल्या रघुजींना ‘सेनासाहेबसुभा’ केलं. 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने मिळवलेल्या रघुजींच्या तलवारीवर हाच किताब सोन्याच्या अक्षरांत आहे. पातं युरोपीय बनावटीचं, सरळ आणि एकधारी. त्यावरचा मजकूर मात्र देवनागरी.

फौजेचा कणा घोडदळाचा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला की शिलेदाराचं पोटच गेलं, म्हणून तो ऐन गर्दीत घुसायला कचरे. बारगिराला ती धास्ती नसे. पुढच्या काळात पायदळ वाढलं, पगारी अरब आले. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणींवर त्वेषाने चालून गेलेल्यांत हे अरबही होते.

या फौजेचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. नद्या उतरत, वाटांचा चिखल वाळे, शिवारात चारा उभा राही; मोहिमेला यापेक्षा चांगला हंगाम नाही. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. घोडे धुऊन, झूल चढवून उभे करायचे. दशमीला वेशीबाहेर जाऊन शमी-आपट्याचं पूजन, सोनं लुटणं आणि सीमोल्लंघन. हा सोहळा मला निव्वळ थाटाचा वाटत नाही. पावसाळ्यात गावोगाव पांगलेली माणसं एका निशाणाखाली पुन्हा जमवण्याची ती रीत होती.

छावणी परमुलखात असली तरी सण चुकत नसे. 1742 मध्ये रघुजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालमध्ये कटव्याजवळ दाईहाटला दुर्गापूजा मांडली. बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने नदी ओलांडून नवमीच्या पहाटे छावणीवर छापा घातला आणि पूजा अर्धीच टाकून फौजेला निघावं लागलं. दोन वर्षांनी वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून भास्करपंतांना सरदारांसह ठार केलं गेलं. रघुजींनी मोहिमा सोडल्या नाहीत. 1751 च्या तहात ओडिशा पदरात पडला आणि बंगालची वार्षिक बारा लाखांची चौथ ठरली.

ही चौथ कशातून आली, तेही मराठी वाचकाने जाणून घ्यावं. जाळलेली गावं, लुटलेली घरं, बायकांवरचे अत्याचार बंगाली कवी गंगारामने ‘महाराष्ट्र पुराणा’त मांडले आहेत. बंगालची अंगाईगीतंही ‘बर्गी’ची, म्हणजे बारगिरांची, भीती विसरलेली नाहीत. आपल्या पराक्रमाच्या पोवाड्याशेजारी ही पोथी ठेवल्याशिवाय या फौजेचा इतिहास पुरा होत नाही.

आता तुमसर तालुक्यातल्या अंबागडाकडे. 1700 च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहाच्या राजखान नावाच्या सरदाराने हा किल्ला बांधला; पुढे तो भोसल्यांकडे आला. चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवार समाजाने साथ दिली आणि बक्षीस म्हणून त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेला, अंबागड आणि चांदपूरकडे, जमिनी मिळाल्या, अशी इंग्रजी काळातल्या गॅझेटियरची नोंद आहे. रोकड उडून जाते, जमीन पिढ्यांना बांधून ठेवते. पोवारांनी इथे तळी खोदली, बांध्या पाडल्या, धान पिकवलं. माझ्या मते भोसल्यांच्या फौजेने मागे ठेवलेलं सगळ्यात टिकाऊ काम हेच आहे.

फौजेचा शेवट लवकर झाला. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. तिसरे रघुजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. खंडेनवमी मात्र राहिली. तलवारीच्या जागी विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि आता ट्रॅक्टर यांना हळदकुंकू लागतं आणि दुसऱ्या दिवशी आपट्याचं सोनं वाटलं जातं.

अंबागड-चांदपूरच्या या गावांत कोणाच्या घरी पेटीच्या तळाशी मोडीतला जुना कागद असेल, इनामाची सनद असेल, तर तो पुसट म्हणून टाकून देऊ नका. आधी त्याचं स्वच्छ छायाचित्र काढा आणि मोडी वाचणाऱ्या जाणत्याला दाखवा. नागपूरला त्यासाठी शासनाचं पुराभिलेखागार आहे.