किड्यांची पाहणी आणि बागाइतदार

पिकांची पाहणी हें तलाठ्याचें काम, अशी आम्हां जुन्या महसुली कारकुनांची समजूत होती. सन २०२१ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली आणि खातेदार स्वतः शेतांत उभा राहून मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊं लागला. ही व्यवस्था सुखाची कीं कटकटीची, याचा खल येथें नको. परंतु जो हात पिकाची नोंद करितो तो पिकावरील किड्याचीही नोंद करूं शकेल, हें वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

आमच्या नागांवच्या वाड्यांस याची गरज मोठी. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें आणि असंख्य माड-पोफळी कोसळल्या. अशीं खोडें वाडींत कुजत पडलीं म्हणजे गेंड्या भुंग्याची सोय होते. त्याची अळी कुजक्या खोडांत व शेणखतांत वाढते, आणि भुंगा मात्र उभ्या माडाचा कोंभ पोखरतो. पान उलगडलें कीं तें कातरीनें कापल्यासारखें दिसतें. त्याच जखमेंत सोंड्या भुंग्याची मादी अंडीं घालते. तिची अळी खोडाच्या आंत राहते, म्हणून माडानें मान टाकीपर्यंत मालकास पत्ता नसतो.

नवा शत्रु म्हणजे चक्राकार पांढरी माशी. ती भारतांत २०१६ सालीं तामिळनाडूंतील पोल्लाचीकडे प्रथम आढळली. पुढें कोकणांतही आली. पानाखालीं पांढरीं मेणचट वलयें व खालच्या पानांवर काळी काजळी ही तिची खूण. घाबरून विषारी फवारा मारला तर माशीच्या पिलांवर वाढणारी एन्कार्सिया नांवाची चिमुकली गांधीलमाशी, म्हणजे आपलाच राखणदार, मरते. म्हणून आधीं ओळख, मग औषध.

ओळखीसाठीं केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२४ रोजीं राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. छायाचित्र पाठविलें कीं सल्ला मिळतो. आयनॅचरलिस्टवर तर शेतकरी, विद्यार्थी व शास्त्रज्ञ एकाच पंक्तीस बसतात. नोंदीस तारीख व ठिकाण लागतें, आणि ओळखणारांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिकांचें एकमत झालें म्हणजेच ती संशोधनास योग्य ठरते. पंचांच्या सह्यांवांचून कागद पुरा न मानणाऱ्या मजसारख्यास ही रीत फार पटली.

अशा पाहणींत केवळ शत्रूच सांपडतात असें नव्हे. लिंबू-पपनसाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी गडी चिरडावयास धांवतो. ती कदाचित् नीलवंताची असेल, ज्यास महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्य-फुलपाखरूं ठरविलें. कोंवळें कलम असेल तर अळी हातानें उचलून जुन्या झाडावर सोडावी. मोठ्या पपनसाचीं चार पानें गेल्यानें बागाइतदार भिकेस लागत नाहीं.

छायाचित्र घेतांना पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्या आणि किड्याशेजारीं मापासाठीं आगकाडी ठेवावी. सकाळचें ऊन चढण्यापूर्वीं किडे सुस्त असतात, ती वेळ उत्तम.