पोकरमधील अखेरचे पान आणि प्रथम बोलणाऱ्याची पैज

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूस २ झाकलेली पाने मिळतात व सर्वांसाठी ५ पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. पाचवे पान, म्हणजेच ‘रिव्हर’, उघडले की दैवाचा भाग संपतो. त्यानंतर कोणाचाही हात सुधारत नाही वा बिघडत नाही. उरते ती अखेरची पैज, आणि तीत ज्याला प्रथम बोलावे लागते त्याची अडचण गणिती दृष्ट्या उद्बोधक आहे. (जुगार या शब्दाने अभ्यासकांनी बिचकू नये, फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचे सविस्तर विवेचन आहे.)

हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेला छोटा नमुना येथे उपयुक्त ठरतो. राजा, राणी व गुलाम ही तीनच पाने. दोघे खेळाडू प्रत्येकी १ नाणे मध्ये ठेवतात, एकेक पान घेतात आणि पैज १ नाण्याचीच असते. प्रथम बोलणाऱ्याकडे राणी असल्यास त्याने पैज का लावू नये? कारण समोर राजा असेल तर पैज स्वीकारली जाईल, गुलाम असेल तर तो माघार घेईल. लहान पान पैसे देत नाही, मोठे पान हटत नाही. तेव्हा राणीने ‘चेक’ म्हणावे, म्हणजे पैज न लावता पाळी पुढे द्यावी. याउलट केवळ राजावरच पैज लावली, तर प्रतिस्पर्धी राणी हाती असताना ती कधीच स्वीकारणार नाही. म्हणून गुलामावरही हूल द्यावी लागते. मात्र राजावर जितक्या वेळा पैज लावली जाते त्याच्या एक तृतीयांश वेळाच.

इतके अचूक खेळूनही प्रथम बोलणारा दर डावास सरासरी १/१८ नाणे गमावतो. राजावर तो नेहमी पैज लावो वा कधीच न लावो, त्यानुसार इतर चाली जुळवून घेतल्या तर तोटा तेवढाच राहतो. अधिक धाडसाने तो भरून निघतो, हा समज निराधार होय. दुसऱ्याला ‘चेक’ ऐकून मग ठरवता येते, या सवलतीचीच ती किंमत आहे.

प्रत्यक्ष होल्डेममध्येही उत्तम हातावर ‘चेक’ म्हणावे, तर प्रतिस्पर्धीही ‘चेक’ म्हणून मोकळा होतो आणि मिळणारी पैज हुकते. पैज लावायची झाल्यास तिच्या आकारावर हुलीचे प्रमाण ठरते: मधल्या रकमेइतकी पैज असेल तर दोन खऱ्या हातांमागे एक हूल, निम्मी असेल तर तिनामागे एक. मध्यम हातावर लहानशी पैज लावून मोठी पैज टाळण्याची युक्ती नवशिक्यांना प्रिय आहे. जाणता प्रतिस्पर्धी मात्र तीच पैज वाढवून तिचा फोलपणा दाखवतो. हे प्रमाण दोघांच्या खेळापुरते आहे. तिघे उरले असता हूल आणखी आवरती घ्यावी लागते, कारण दोघांनीही माघार घेतली तरच ती सफल होते.